नसलेल्या मांडवाचे आभार

सगळं जग आभार शेवटी मानतं. डोमाभाऊ आधी मानतात. वक्ता अजून पायातली चप्पल काढत असतो, सतरंजी अर्धीअधिक रिकामी असते, तेवढ्यात डोमाभाऊ उभे राहून हात जोडतात आणि सुरू होतात :

"सतरंजी झटकली, कौसाबाईनं. पाणी भरलं, तिच्या सुनेनं. माठ देल्ला, परशाच्या मायनं. गळका हाय, पण देल्ला."

असं बराच वेळ चालतं. माणसं येऊन बसत जातात, बसणाऱ्याचंही नाव आभारात जातं. शेवटी डोमाभाऊ जरा थांबतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "आन् मांडव घातला, कवडूजीनं." मग सगळ्यांकडे बघून विचारतात, "कोनाचं नाव राह्यलं का?"

आता गंमत अशी की मांडव कुठंच नसतो. डोक्यावर सरकारी गोदामाचे पत्रे असतात. आणि कवडूजी नावाचा माणूस आमच्या गावात कोणी पाहिलेला नाही.

"भाऊ, मांडव कुठी हाय?" परशा मागून ओरडायचा. पोट्टे हसायचे. डोमाभाऊ खाली बसायचे.

सिंदेवाहीपासून थोडं आत, आमच्या गावच्या तलावाच्या पाळीला धान्याचं जुनं गोदाम होतं. वर्षानुवर्षं रिकामं. डोमाभाऊ जन्मभर शाळेत शिपाई होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी या गोदामात गावाचं संग्रहालय मांडलं. मोहफुलं वेचायच्या टोपल्या, मासे धरायचे बांबूचे सापळे, झिजून पातळ झालेलं जातं, फुटका ढोल. वस्तूखाली वस्तूचं नाव नाही, देणाऱ्याचं. चंद्रपूरच्या एका प्राध्यापकांनी सापळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

"हे बुधाबाईचं हाय," डोमाभाऊ म्हणाले. प्राध्यापकांनी तसंच लिहून घेतलं.

दर रविवारी तिथं कार्यक्रम व्हायचा. कधी ढिवराचं जाळं विणायची शिकवणी, कधी जुन्या दुष्काळावर एखाद्या म्हातारीचं व्याख्यान. मी तिथं जायचो ते माझ्या स्वार्थानं. मी पत्रकं काढणारा माणूस. बुरडांना टोपल्या विणायला बांबू मिळत नाही आणि ट्रकच्या ट्रक भरून बांबू आमच्या डोळ्यांदेखत बाहेर जातो, यावर मी पत्रकांमागून पत्रकं काढली होती. पत्रकं वाचायला माणसं लागतात, ती रविवारी गोदामात आयती जमायची. त्या आभारांनी मात्र माझं डोकं फिरायचं.

एकदा मी सरळ म्हटलं, "भाऊ, बुरडांच्या चुली विझून राहिल्या, आणि तुम्ही सतरंजीचे आभार मानून राहिले?"

"सतरंजीचे नाई बाप्पा. कौसाबाईचे."

"त्यानं काय होणार?"

"नाव घेतलं का मानूस बसते, पत्रकवाले. तुमी नाव घेत नाई, तुमी निस्ता जाब इचारता. म्हून तुमच्या सभेतून मानसं उठून जातेत."

हे खरं होतं, त्यामुळे मला अधिकच राग आला.

मग ती बातमी आली. गोदाम खताच्या पोत्यांसाठी हवं होतं. मोठे साहेब येत्या रविवारी येणार, कार्यक्रम बघणार आणि संग्रहालय ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. मी डोमाभाऊंना हात जोडून सांगितलं, "या वेळी आभार शेवटी. नाहीतर निदान पहिलं नाव साहेबांचं घ्या."

"साहेबाचे आभार काऊन मानू? त्यायनं अजून केलं काय?"

"ते गोदाम देतील ना!"

"देल्लं का मग मानीन. नाव हाय ते, फुकट नाई वाटाचं."

साहेब आले, खुर्चीवर बसले. बुरड बांबू आणि विळा घेऊन तयार होता. टोपली कशी उभी राहते ते तो दाखवणार होता, आणि बांबू का मिळत नाही ते मी साहेबांच्या तोंडावर सांगणार होतो. डोमाभाऊ उठले. सतरंजी, पाणी, माठ. साहेबांनी घड्याळ पाहिलं. विळ्याला धार लावणारा, रस्त्यातला काटा बाजूला करणारी पोर. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "आन् मांडव घातला, कवडूजीनं," इथवर गाडी आली तेव्हा साहेब उठले, वर पत्र्यांकडे बघून हसले आणि निघून गेले.

गोदाम गेलं. टोपल्या, सापळे, जातं, सगळं बैलगाडीत भरून आम्ही डोमाभाऊंच्या पडवीत आणलं. मी वाटभर त्यांना बोललो. नको तेवढं बोललो. शेवटी विचारलं, "कोण हा कवडूजी? त्याच्या नावापायी आपण छप्पर घालवलं!"

डोमाभाऊ ढोल भिंतीला टेकवत होते. वळले नाहीत.

"माहा बाप," ते म्हणाले.

मग थांबत थांबत सांगितलं. ते लहान असताना त्यांच्या मूळ गावी शाळेची नवी इमारत झाली. मोठा समारंभ होता. मांडव कवडूजींनी घातला. जंगलातून बांबू खांद्यावर आणले, मुरमाड जमिनीत खड्डे खणले, हात सोलून निघाले. मास्तर म्हणाले होते, कवडू, आभारात तुझं नाव घेईन. बापानं धोतर धुतलं, पोराला घेऊन गेला. मांडव त्यांनी घातलेला, पण त्यांच्या जातीच्या माणसांना आत बसायची मुभा नव्हती. बाप बाहेर, खांबाला धरून उभा राहिला. भाषणं लांबली. शेवटी कोणीतरी म्हणालं, वेळेअभावी ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. माणसं उठली. बाप तसाच उभा. मग मास्तर आले आणि म्हणाले, "कवडू, मांडव काढ."

"वापस येताना बाप मले म्हने, घाईत राह्यलं असन." डोमाभाऊंनी ढोलावरची धूळ पुसली. "रागावला नाई. घाईत राह्यलं असन, म्हने."

यावर मी चार जळजळीत पत्रकं लिहू शकलो असतो. त्या दिवशी एक ओळ सुचली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तलावाच्या पाळीवर बांबू रोवले. खड्डे खणताना मी पोरांना सगळं सांगितलं. परशा नुसता खणत राहिला. वर जांभळाच्या फांद्या टाकल्या. गाव येऊन बसलं, बुरड विळा घेऊन बसला. डोमाभाऊ उभे राहिले.

"सतरंजी झटकली, कौसाबाईनं. पाणी भरलं, तिच्या सुनेनं..."

सगळी नावं झाली. त्यांनी घसा साफ केला. वर फांद्यांकडे पाहिलं. या वेळी मांडव खरोखरच होता, आणि घालणारी पोरं समोर घामेजून बसली होती. डोमाभाऊंना खोटं नाव घेता येईना.

"आन् मांडव घातला..." ते अडकले. पोरांकडे बघत राहिले.

परशा उठून उभा राहिला. हाताला माती तशीच होती.

"कवडूजीनं," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. डोमाभाऊ जवळच्या खांबाला धरून उभे होते. ते बसेपर्यंत बुरडानं विळा उचलला नाही.

नाव कोणाचं राहिलं का, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.