शकूताईंची उपाशी गोधडी

शकूताई पहिल्या भेटीत तुमचा हात हातात घेत नाहीत, बाही घेतात. अंगठ्यात आणि बोटात कापड चोळतात, क्षणभर डोळे मिटतात आणि निकाल देतात, "अजून कच्चं आहे. दोन वर्षं घाल."

आम्ही जर्मनीत वोल्फ्सबुर्गला राहायला आलो तेव्हा जिन्यातच माझ्या कुडत्याचा असा निकाल लागला. मला वाटलं, बाईंना कुडता आवडला. त्यांना तो गोधडीसाठी हवा होता आणि तोवर मी तो नीट झिजवावा एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती, हे पुढे कळलं.

शकूताई फलटणकडच्या. त्यांचे यजमान प्रकाशराव इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. इथल्या कुठल्याही मराठी घरात बाळ झालं की शकूताईंची गोधडी हजर. कापड सुती हवं, जुनं हवं आणि कुणाच्या तरी अंगावर झिजलेलं हवं, हा त्यांचा नियम. "नव्या कापडाची रजई होते. गोधडी व्हायला कापडानं आधी संसार करावा लागतो," असं त्या म्हणतात. एकदा प्रकाशरावांचे जर्मन साहेब जेवायला आले, तर शकूताईंनी वाढता वाढता त्यांची बाही चोळली आणि "गेनाऊ, अगदी बरोबर, हे तयार आहे," म्हणून टाकलं. प्रकाशराव घाईघाईने विषय बदलू लागले. साहेबांनी मात्र गोधडीची हकीकत ऐकून घेतली आणि पुढच्या आठवड्यात शर्ट धुऊन, इस्त्री करून पाठवून दिला.

गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्या आत साखर लावलेला पोळीचा तुकडा ठेवतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, हे त्यांच्या आईचं म्हणणं. तुकडा ठेवला, कोपरा शिवला, की गोधडी जेवली. मग तिला कात्री लावायची नाही.

अशा बाईंचा हात एका उन्हाळ्यात अडला. त्यांची एकुलती एक लेक रेवा अबिटुअर, म्हणजे इथली बारावी, झाली होती आणि ऑक्टोबरात बर्लिनला शिकायला निघणार होती. गावभर गोधड्या वाटणारी बाई लेकीची गोधडी आधीच शिवून बसली असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण शकूताई हॉलमध्ये कापडं पसरायच्या, सुईत दोरा ओवायच्या, बघत बसायच्या आणि उठून चिवडा करायला घ्यायच्या. त्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या जर्मन आजीबाईंनीसुद्धा पोटभर चिवडा खाल्ला.

उपाय सुचवणारे आम्ही होतोच. प्रकाशरावांनी एक्सेलमध्ये वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. मी फोनवर व्हिडिओ दाखवले. शेवटी कुणाच्या तरी आग्रहाने त्या फोल्क्सहोखशूलच्या, म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्राच्या, शिवणाच्या वर्गाला गेल्या आणि पहिल्याच दिवशी तणतणत परत आल्या. "चांगलं अखंड कापड विकत आणतात, कापतात आणि परत जोडतात. मग कापलं कशाला?" हे शिकवणाऱ्या बाईंनाही तोंडावर विचारून आल्या म्हणे.

खरं दुखणं त्यांनी मला एका दुपारी मटार सोलताना सांगितलं. रेवाचं कापडच नव्हतं. ती आता घालते ते सगळं पॉलिएस्टर. ते झिजत नाही, नुसतं फाटतं. आणि तिचे लहानपणचे सुती फ्रॉक आमच्या पोरांच्या गोधड्यांमध्ये गेले होते.

"कापड कमी पडलं की तिचा फ्रॉक घालायचे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हिची काय घाई आहे? ही तर घरातच आहे."

मला राहवलं नाही. वर जाऊन माझ्या मुलाची गोधडी घेऊन आले. मधोमध बदकांचा पिवळा तुकडा होता, तो रेवाचाच. म्हटलं, हा उसवा. शकूताईंनी त्या बदकांवरून बराच वेळ हात फिरवला, गोधडीची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"जेवलीय ती," म्हणाल्या. "दिलेला घास काढून घेऊ होय?"

सप्टेंबर सरत आला तेव्हा त्यांनी मला खाली बोलावलं. पलंगावर एक विटकी गोधडी पसरली होती. त्या रोज पांघरतात ती. वोल्फ्सबुर्गच्या पहिल्या हिवाळ्यात शिवलेली. प्रकाशराव अंधारात कामाला जायचे, अंधारात परत यायचे, भाषा येत नव्हती आणि पोटात रेवा होती. अख्खा दिवस बोलायला कुणी नाही, म्हणून आईची दोन लुगडी काढून शिवायला बसल्या. पुढे रेवाची झबलीही तिच्यातच गेली. सगळी गोधडी शिवून तयार होती, फक्त एक कोपरा उघडा होता.

मी विचारलं, हा का राहिला?

"वाटायचं, दोन वर्षांत परत जाऊ. फलटणला आईच्या हातची पोळी घालून मिटवू. मग अजून दोन वर्षं म्हटलं. मग अजून दोन." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मग आईच गेली."

दुसऱ्यांच्या बाह्या चोळून दोन वर्षं सांगणारी ही बाई स्वतः इतकी वर्षं उपाशी गोधडीत झोपत होती. त्या उठल्या, गॅसवर एक पोळी भाजली, तुकड्याला साखर लावली, तो कोपऱ्यात सारला आणि टाके घालायला लागल्या. हात झरझर चालत होता.

रेवा दारात उभी राहून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. त्या दिवशी मात्र तिने मराठीत विचारलं, "आई, मग तू काय घेणार?"

"दुकानातली रजई आहे की."

शेवटची गाठ मारून शकूताईंनी गोधडी तिच्या हातात दिली आणि सवयीने तिच्या टी-शर्टची बाही बोटांत धरली. चोळली. डोळे मिटले. मी निकालाची वाट बघत होते.

"हा ठेवून जा," त्या म्हणाल्या.

"आई, पॉलिएस्टर आहे तो."

"असू दे."