बटण्याचा पट्टा आणि आईची अट

"ज्या दिवशी बटण्या त्याचा पट्टा घालून चालेल, त्या दिवशी मी माझा बांधीन," असं म्हणून आईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. म्हणजे विषय संपला.

सरांना कपाळाला हात लावायचीही सोय नव्हती. एका हातात आईच्या कमरेचा पट्टा होता, दुसऱ्या हातात कुत्र्याचा हार्नेस, आणि दोघांपैकी एकही जण घालून घ्यायला तयार नाही.

सर म्हणजे गाडी शिकवणारे सर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारच्या सीटवर बसून 'हळू', 'क्लच', 'अहो, आरशात काय बघताय, समोर बघा' असं ओरडायचं, हा त्यांचा धंदा. गाडीच्या काचा बंद असल्या तरी फुटपाथवरची माणसं दचकायची. एवढी वर्षं हे केल्यावर आपण जगात कुणालाही काहीही शिकवू शकतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. ती मोडायला एक चपलेएवढं कुत्रं पुरेसं ठरलं.

आई पडली होती. चौकातल्या फळवाल्यासमोर, फुटपाथच्या कडेवरून पाय घसरून. हाड शाबूत राहिलं, पण कमरेला चांगलाच मार बसला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि बजावलं, "हा बांधा आणि रोज बाहेर चालायला जा. घरात बसून राहिलात तर पाय आखडतील, मग कुणाच्या बापाला उठवता येणार नाही." आईने समंजसपणे मान डोलावली, घरी आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जी बसली ती बसलीच. सर समजावून थकले, रागावून थकले. उत्तर एकच, "उद्या बघू." खुर्चीतून उठायला तिला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, हे दिसलं की सर घाबरायचे. आणि घाबरले की ते आणखी ओरडायचे.

बटण्या घरात नवीन. समोरच्या बिऱ्हाडाने घर बदललं आणि जाताना "चार दिवस सांभाळा हं" म्हणून त्याला ठेवून गेले, ते फोनच उचलेनासे झाले. शर्टाच्या बटणांसारखे काळेभोर डोळे, म्हणून बटण्या. सर त्याला काखोटीला मारून खाली न्यायचे. एकदा तो काखेतून निसटला तो थेट रस्त्यात, आणि एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक मारून सरांचा जाहीर उद्धार केला. ब्रेक कसा मारावा हे सरांना कुणीतरी शिकवावं! त्याच संध्याकाळी हार्नेस घरात आला. आणि आईला तिची अट सापडली.

पहिल्या दिवशी हार्नेस अंगात घालायचा कसा, इथूनच घोळ झाला. सगळीकडे भोकं. सरांनी एका भोकात बटण्याचं डोकं घातलं, ते पायाचं निघालं. बटण्याचा एक पाय मानेजवळून वर आला आणि त्याने तो तसाच हवेत धरला, वर्गात प्रश्न विचारायचा असल्यासारखा.

"उलटा घातलाय तुम्ही," बायको म्हणाली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि नुकतीच घरी येऊन चपला काढत होती.

"उलटा नाहीये. त्याचा पायच चुकीच्या जागी आहे."

"पाय त्याचे जन्मापासून तिथेच आहेत."

शेवटी तिनेच तो सरळ घातला. बटण्या क्षणभर उभा राहिला. मग आईच्या खुर्चीशेजारी गेला आणि आडवा झाला. नुसता बसला नाही, चक्क आडवा झाला. चारही पाय ताठ, डोळे भिंतीकडे. सरांनी दोरी ओढली तर फरशी पुसल्यासारखा सरकत आला, पण पाय काही हलले नाहीत.

"अगं, हा गेला की काय?" सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

हार्नेस काढला. बटण्या टुणकन उठला आणि शेपटी हलवत पाण्याच्या भांड्याकडे गेला.

"घाबरलाय बिचारा," आई वर्तमानपत्राआडून म्हणाली. "राहू दे आजचा दिवस."

तो दिवस राहिला, पुढचा राहिला, त्याच्या पुढचाही. सरांनी रीतसर अभ्यासक्रम आखला. आधी नुसता हार्नेस जमिनीवर ठेवायचा, मग हुंगायला द्यायचा, मग अंगावर टाकायचा, मग बांधायचा. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी रस्त्यावर काढत नाहीत, हे सर सगळ्यांना सांगायचे. बटण्याने सगळे धडे मन लावून केले, फक्त शेवटचा सोडून. बक्कल लागलं रे लागलं की तो आईच्या खुर्चीपाशी जाऊन कोसळायचा. पडायची जागाही ठरलेली.

एकदा मात्र गंमत झाली. आई आंघोळीला गेली होती. सरांनी हार्नेस बांधला, दोरी धरली, आणि बटण्या चक्क चालला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. बटण्या टीपॉयच्या पायाच्या दिशेने निघाला, आता आपटणार असं वाटलं, आणि सरांचा उजवा पाय सवयीने फाडकन जमिनीवर आपटला. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो; घरात नसतो. घरात नुसता दणका बसला, खालच्या मजल्यावरून कुणीतरी "अहो!" असं ओरडलं आणि बटण्या पलंगाखाली गेला तो जेवायच्या वेळेलाच बाहेर आला.

"तुम्ही त्याला ब्रेक मारलात?" बायकोने विचारलं.

"आपोआप बसला."

"जेवताना माझ्या हातून आमटीचं भांडं कलतं तेव्हाही मारता. मी काही बोलत नाही म्हणून."

त्यानंतर बटण्याचा हार्नेस पोटाशी घट्ट होऊ लागला. बायकोने तो एक भोक सैल केला, चार दिवसांनी आणखी एक. "काही न करता अंग धरतोय हा," ती म्हणाली. "नुसता पडून असतो म्हणून असेल," सर वैतागून म्हणाले. त्यांची अवस्था उलटी होती. दिवसभर गाडीत ओरडायचं आणि घरी आल्यावर गुडघ्यांवर बसून एका कुत्र्याची मनधरणी करायची. अंगात त्राण उरलं नव्हतं. आणि त्या सगळ्याच्या वर आई खुर्चीत बसून शांतपणे म्हणायची, "मी तयारच आहे रे. त्याचं तेवढं होऊ दे."

"तुम्हीच घालून दाखवा एकदा," एका सकाळी कामावर निघताना बायको सहज बोलून गेली.

ती थट्टेत बोलली होती. पण सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीत ते काय करतात? आधी मी चालवून दाखवतो, मग तुम्ही चालवा! हा तर त्यांचा पहिला नियम. तो आपण विसरलोच कसे, याचाच त्यांना राग आला. त्यांनी पॅंटचा पट्टा काढून छातीभोवती आवळला, पाठीमागे बक्कलमध्ये कपडे वाळत घालायची दोरी ओवली आणि दोरीचं टोक आईच्या हातात दिलं.

"धर. आणि मी रांगायला लागलो की जरा ओढ."

"मी?"

"दुसरं कोण आहे घरात?"

आईने दोरी धरली. बटण्याला हार्नेस घालून झालाच होता, तो नेहमीच्या जागी आडवा होता. सर हातापायांवर आले. "बघ, बटण्या. असा एक हात पुढे, असा दुसरा. काही होतंय का मला? काही होत नाही." आईने दोरी ओढली. जरा जोरातच ओढली. सर सोफ्याला वळसा घालून दाराकडे निघाले.

दार नुसतंच लोटलेलं होतं. ते उघडलं आणि दारात डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. दातांच्या डॉक्टर, सकाळच्या क्लासला त्या यायच्या आणि क्लच सोडताना डोळे मिटायच्या, म्हणून सरांनी आदल्याच दिवशी त्यांना भर चौकात झापलं होतं. आज क्लासची वेळ झाली तरी सर खाली आले नाहीत, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. त्यांनी जमिनीवरच्या सरांकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, दोरी धरून बसलेल्या आईकडे पाहिलं.

"सर, मी... नंतर येऊ का?"

"छे छे! या ना!" सर म्हणाले आणि लाजेने झटक्यात उठायला गेले.

कमरेत कुठेतरी कट्कन आवाज झाला. उसण भरली ती अशी भरली की सर ना वर जाईनात, ना खाली येईनात. डॉक्टरीणबाई आणि आई, दोघींनी मिळून त्यांना जमिनीवर उताणं केलं. बाई कामाला हुशार. समोर आईच्या कमरेचा पट्टा दिसला, त्यांनी तो उचलला आणि सरांच्या कमरेला घट्ट बांधून टाकला. "अजिबात हलायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "तोंड उघडं ठेवा." मग सरांच्या बायकोच्या दुकानातून औषध आणि बायको दोन्ही घेऊन येते, असं सांगून त्या पायीच निघून गेल्या.

घर शांत झालं. सर छताकडे बघत पडले होते. मान तेवढी वळत होती, ती त्यांनी वळवली. तिथून खुर्चीखालचा सगळा मुलूख दिसत होता. बटण्या आडवा, ताठ, नेहमीसारखा. आणि मग वरून, वर्तमानपत्राच्या आडून, आईचा हात खाली आला. हातात बिस्किट. बटण्याने एकही पाय न हलवता, नुसतं तोंड उघडून ते आत घेतलं.

"आई!"

हात गायब झाला. "काय रे? दुखतंय का?"

"तू त्याला बिस्किट देतेस?"

"भूक लागते त्याला."

"पडल्यावर? बरोबर पडल्यावरच भूक लागते?"

आईने वर्तमानपत्राचं पान उलटलं. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायला श्वास घेतला की कंबर ठणकायची, त्यामुळे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलावं लागलं. "अगं, इतके दिवस मी फरशीवर नाक घासतोय. का करतेस असं?"

ते हळू बोलले म्हणूनच असेल, आईने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मला भीती वाटते रे खाली जायची," ती म्हणाली. "पडले तेव्हा त्या फळवाल्याने हात दिला. इतकी वर्षं मला ताई म्हणायचा तो. त्या दिवशी म्हणाला, 'आजी, सांभाळून.' सगळे बघत होते. आता तो पट्टा बांधून गेले तर काय म्हणेल मेला?"

सरांचा राग होता तसाच होता, पण आता तो ठेवायचा कुठे तेच कळेना. तेवढ्यात बटण्या उठला. हार्नेससकट उठला, दाराशी गेला आणि दार खरवडू लागला. त्याला घाई झाली होती.

"हा चालतोय!" सर उताणे पडल्या पडल्या म्हणाले.

"चालतो की. तू क्लासला गेलास की रोज दुपारी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारतो आम्ही दोघं. हार्नेस घालून, दोरी लावून. मला आधार होतो."

"मग माझ्यासमोरच का मरतो हा?"

"तुझ्यासमोर मरायचं बिस्किट मिळतं ना."

बटण्याने दार आणखी जोरात खरवडलं. सर उठू शकत नव्हते, बायको यायला वेळ होता. आईने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे. मग दोन्ही हातांनी रेटा देऊन उठली, दोरी मनगटाला गुंडाळली आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबली. तिची पाठ सरांना दिसत होती. कठडा धर, घाई करू नकोस, आधी डावा पाय, समोर बघ... सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. एवढं अवघड काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

"आई, पट्टा..." एवढंच शेवटी निसटलं.

"तो तुझ्या कमरेला आहे," आई म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर पडली. जिन्यावरून तिचा आवाज येत राहिला, एकेक मजला खाली जात, भलताच चढा. "हळू! अरे, काय घाई आहे? समोर बघ समोर!" सर ऐकत राहिले. हा आवाज आपल्याकडे कुठून आला, हा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई आणि बायको आल्या. बायकोने गोळी दिली, उशी दिली, आणि फार न हसण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

"आई खाली आहेत," ती म्हणाली. "चौकात फळवाल्याशी भांडतायत. चांगल्या ताठ उभ्या आहेत. एवढ्यात काही वर येत नाहीत."

सरांचा जीव भांड्यात पडला. डोळे मिटून ते जरा कण्हले. "पाणी दे. आणि काहीतरी खायला दे गं. सकाळपासून पोटात काही नाही."

बायको स्वयंपाकघराकडे वळली आणि दारातच थांबली.

"खायला नाही मिळणार. आईंनी खालून मुद्दाम निरोप दिलाय," ती म्हणाली. "म्हणाल्या, 'त्याला पट्टा बांधलाय. पडलेला असेपर्यंत कुणी बिस्किट देऊ नका, नाहीतर उठायचा नाही.'"