फुलाफुलांच्या खोळींचा तपास

“भंडारा जिल्ह्यात गुन्हे कमी होऊन राहिले, त्याचं कारन म्हंजे मी,” असं भय्याजी कोणी न विचारता सांगत. वैनगंगेच्या अलीकडे आपल्या तोडीचा हेर नाही, आणि पलीकडे असलाच तर तो आपल्याला घाबरून तिकडे राहिला आहे, अशी त्यांची खात्री होती. घरावर त्यांनी पितळेची पाटी लावली होती : ‘भय्याजी, गुप्तहेर’. गुप्त माणसाने पाटी कशाला लावावी, असं त्यांचा मदतनीस तेजराम एकदा बोलून बसला. तेव्हापासून ती पाटी घासायचं काम त्याच्याकडे होतं.

त्या दिवशी केस तेजरामच्याच घरी घडली. त्याची बायको चंद्रकांता हिने बैठकीतल्या गादीच्या दोन आरामखुर्च्यांना फुलाफुलांच्या नव्या खोळी शिवल्या होत्या. धुवायला काढता याव्यात म्हणून मागून बटणं. धरणाच्या कामावर आलेल्या साहेबांच्या बाई दुपारी त्या बघायला येणार होत्या. पसंत पडल्या तर रेस्ट हाऊसच्या सगळ्या खुर्च्यांचं काम चंद्रकांताला. नाहीतर उसनी आणलेली शिलाई मशीन नाकाडोंगरीच्या जाऊबाईंकडे परत, आणि शिवणकाम संपलं. काल संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने खोळी चढवल्या. सकाळी बघते तर खुर्च्यांवर त्याच जुन्या, हळदीच्या डागांच्या!

“मले तं काही सुचूनच नाही राहिलं,” ती रडकुंडीला आली. सासूबाई गोदावरीबाई उजाडताच शेजारी कौशल्याबाईकडे मुगवड्या घालायला गेल्या होत्या, त्यामुळे धीर द्यायला कोणी नव्हतं. तेजराम होता, पण तो नवरा होता.

भय्याजी आले. “खुर्चीले कोनी हात लावाचा नाही, ठसे पुसतीन,” असं बजावून ते स्वतः एका खुर्चीत ऐसपैस बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“चोर संस्कारी आहे,” ते म्हणाले. “नव्या नेल्या, पन जुन्या चढवून गेला. खुर्ची उघडी टाकली नाही. बटनं लावली. म्हंजे लग्न झालेला आहे.”

“काहून जी?” तेजरामने कारण विचारलं.

“कुवाऱ्या मानसाले बटनं लावाचं सुचते का?”

तेजरामच्या सदऱ्याला दोन बटणं नव्हती. त्याने हळूच हात आडवा धरला.

“दुसरा संशय बकरीवर,” भय्याजी पुढे म्हणाले.

“बकरीनं बटनं लावली?” चंद्रकांताने विचारलं.

“म्हनून तं नुसता संशय म्हनलं, बाई. पुरावा नाही म्हनलं.” मग त्यांनी खाडकन डोळे उघडले. “नाटकवाले! खोळीले काय राहते? दोन हात, पाठ, आन खाली झालर. आन राजाच्या अंगरख्याले?”

“दोन हात, पाठ, झालर,” तेजराम खचलेल्या आवाजात म्हणाला.

“तं मंग? जाय, राजाची पाठ पाहून ये.”

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या नाटकाची मंडळी बाजाराजवळ उतरली होती. राजा लुंगी नेसून चना-पोहा खात बसला होता. तेजरामने हात जोडून विचारलं, “महाराज, जरा पाठ दाखवता का?” राजाने पाठ दाखवली नाही, लाथ दाखवली. तेजराम लंगडत घरी आला.

“राजा घाबरला,” भय्याजी म्हणाले. ते अजून खुर्चीतून उठले नव्हते.

इतक्यात दारात जीप थांबली. साहेबांच्या बाई आत आल्या, दुसऱ्या खुर्चीवर बसल्या आणि कापडाची आवड असलेली कुठलीही बाई करते तेच त्यांनी केलं. हाताच्या चिमटीत त्यांनी खोळीची कड धरून उलटली.

“अगं, ही खालची किती सुंदर आहे! झाकून का ठेवलीस?”

बाई उठल्या आणि चंद्रकांताने ठशांची पर्वा न करता बटणं सोडून वरची खोळ ओढली. खाली तिचीच खोळ होती, एक सुरकुती नाही. तेवढ्यात पिठाच्या हातांनी गोदावरीबाई दारात आल्या.

“काहून काढता बापा? पाहुने येईपर्यंत मळतीन म्हनून मीनंच झाकल्या. हे भय्याजी येते, पान सांडवते.”

“पाहुने आले आई!” चंद्रकांता म्हणाली.

“मंग काढा आता.”

बाईंना शिवण आतून बघायची होती. त्यांनी फुलांची खोळही उचलली, तर खाली दुकानातलं प्लास्टिक.

“आणि हे?”

“खुर्ची मळू नये म्हनून,” गोदावरीबाई म्हणाल्या. “आनली तवापासून हाये. खरी खुर्ची आमी अजून पाह्यलीच नाही.”

बाई पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की प्लास्टिक करकरायला लागलं. “रेस्ट हाऊसला हेच पाहिजे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “मोठे लोक आले की फुलांच्या, गेले की वरून साध्या. प्रत्येक खुर्चीला दोन-दोन शिव.”

चंद्रकांताला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

“मी सकाळपासून पुराव्यावर बसून होतो,” भय्याजी म्हणाले, “कोनी उचलून नेऊ नये म्हनून.”

कोणीच ऐकत नव्हतं. गोदावरीबाईंनी हात धुतले, आतून आपल्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा आणला आणि शिलाई मशीनवर घातला. परत जायची आहे म्हणून इतके दिवस तिला कोणी झाकलं नव्हतं.