आयरिश नाच आणि विरामाचे नियम

कुटुंबाची सांस्कृतिक पातळी पुस्तकांच्या कपाटावरून ठरत नाही. चालू कार्यक्रम कोणासाठी थांबवला जातो आणि कोणासाठी नाही, यावरून ती ठरते. या कसोटीवर आमचे कुटुंब बरेच वरचे आहे, हे पुढील निवेदनावरून लक्षात येईल. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा खरा की खोटा हे पाहण्यात एकवीस वर्षे गेली असल्याने माझ्या निःपक्षपातीपणाविषयी वेगळी ग्वाही देण्याची गरज नसावी.

माझी पत्नी हाडांच्या वॉर्डात परिचारिका आहे. तिच्या वॉर्डात घोटा मोडलेली एक कॉलेजची मुलगी दाखल होती. ही मुलगी आयरिश नाच शिकते. तिने पत्नीला सांगितले, की रंगमंचावरच्या एका मोठ्या प्रयोगाचे चित्रण टीव्हीवर लागणार आहे, आणि त्याच्या शेवटी चाळीस नर्तक एका रांगेत उभे राहून एकाच वेळी टाच आपटतात. “सिस्टर, बाकी काही बघा नाहीतर नका बघू, पण शेवट चुकवू नका.” पत्नीने तो प्रयोग रेकॉर्ड करून ठेवला. लांबी एक तास चाळीस मिनिटे.

आमच्याकडे रेकॉर्ड केलेली गोष्ट रविवारी दुपारी सर्वांनी मिळून पाहायची असते. इतर दिवशी टीव्ही अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे असतो, आणि बातम्या कधी संपत नाहीत. शिवाय कार्यक्रम दर वेळी पहिल्यापासून लावावा लागतो, कारण अर्ध्यातून लावला तर अप्पांना लय सापडत नाही.

पहिल्या तीन रविवारांची आकडेवारी माझ्याकडे आहे. एकूण विराम एकोणीस. पैकी अप्पांच्या बाथरूमसाठी नऊ, आमच्या मुलीच्या फोनसाठी सहा आणि माझ्या कार्यालयीन कामासाठी चार. (चारपैकी एक काम कार्यालयीन नव्हते, डुलकी लागली होती.) याच काळात पत्नी स्वयंपाकघरातल्या कामासाठी एकतीस वेळा उठली. त्यासाठी दिलेले विराम: शून्य.

शून्य हा आकडा दिसायला कठोर असला तरी त्यामागे विचार आहे. विराम हा व्यत्ययासाठी असतो, आणि व्यत्यय म्हणजे जे कधीमधी घडते ते. स्वयंपाकघरातले काम कधीमधी घडत नाही; ते चालूच असते. जे चालूच असते त्यासाठी कार्यक्रम थांबवायचा म्हटले तर तो सुरूच करता येणार नाही. दुसरे असे, की नाचाला गोष्ट नसते, त्यामुळे मधला भाग गेला तरी काही बिघडत नाही. हे मत अप्पांचे. (बाथरूममधून “थांबवलंय ना?” असे तेच विचारतात. पण ते वडीलधारे आहेत.) आणि नियम म्हणजे निर्दयपणा नव्हे. दारात उभे राहून पाहण्याची पत्नीला पूर्ण मुभा होती.

मात्र तिन्ही रविवारी शेवटच्या रांगेच्या वेळी चहाची वेळ झाली. सोमवारी वॉर्डात ती घोटा मोडलेली मुलगी विचारी, “सिस्टर, शेवट बघितला?” आणि पत्नी तिचा ताप मोजू लागे.

या नृत्यप्रकाराविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. यात कमरेच्या वर काहीही घडत नाही. हात अंगालगत सरळ, मान ताठ, चेहरा शांत. आणि खाली पायांची अशी धांदल, की मोजू म्हटले तरी मोजता येऊ नये. तिसऱ्या रविवारी अप्पा भारावून म्हणाले, “वर बघ, कुठं काही हलतंय का? आणि पाय बघ. कसं जमत असेल यांना?” हे म्हणताना त्यांनी पत्नीने पुढे केलेल्या ट्रेमधला कप मान न वळवता उचलला. ती ओट्यापासून दाराशी, दारापासून आमच्याशी आणि तिथून परत ओट्याशी एवढी फेरी करून दिसेनाशीही झाली. बशीत थेंबही सांडला नव्हता. हे महत्त्वाचे आहे. बशीत सांडलेला चहा अप्पांना चालत नाही.

चौथ्या रविवारी पत्नी सोफ्याच्या मधोमध येऊन बसली. (ती माझी जागा आहे. मी कडेला सरकलो.)

“उद्या ती पोरगी घरी जाणार,” ती म्हणाली. “तिला सांगितलंय, आज नक्की बघते. मी उठणार नाही.”

रुग्णाचा रक्तदाब सांगावा अशा आवाजात तिने हे सांगितले. आम्ही ती केवळ माहिती समजलो आणि कार्यक्रम लावला.

दीड तासाने अप्पा म्हणाले, “सूनबाई, चहाचं काय झालं?”

“झाला नाही, अप्पा.”

उत्तर वस्तुस्थितीला धरून होते. तरी अप्पांनी सवयीने कपासाठी हात पुढे केला.

“आई, माझा चार्जर कुठंय?” मुलीने विचारले.

“असेल कुठंतरी.”

लग्नानंतरच्या अठरा वर्षांत हे वाक्य आमच्या घरात प्रथमच उच्चारले गेले. अखेर अप्पा स्वतः उठले, गॅसवर दूध ठेवले आणि नाच चुकू नये म्हणून लगबगीने परत येऊन बसले. पडद्यावर नर्तक रांगेत येऊ लागले, त्याच सुमारास करपल्याचा वास आला.

“दूध,” अप्पा म्हणाले.

आम्ही तिघांनी पत्नीकडे पाहिले. ती पडद्याकडे पाहत होती.

“अहो, दूध उतू गेलंय,” ती मला म्हणाली.

तेव्हा मी रिमोट उचलला आणि स्वयंपाकघरातल्या कारणासाठी आमच्या घरातला पहिला विराम दिला. यात नियमभंग नव्हता. काम तेच होते, पण ते आता आमच्याकडे आले होते, आणि आमच्या बाबतीत ते कधीमधी घडणारे होते. आम्ही तिघे आत गेलो. फडके शोधण्यात अकरा मिनिटे गेली. “आई, फडकं कुठंय?” या प्रश्नाला बाहेरून उत्तर आले नाही. या शोधात मुलीचा चार्जर, अप्पांचा जुना चष्मा आणि ओट्याखाली एक छोटे स्टूल सापडले. ते तिथे कोण बसण्यासाठी आहे, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता आले नाही.

एवढ्यात बाहेरून चाळीस टाचा एकदम आपटल्याचा आवाज आला. रिमोट मी सोफ्यावर ठेवून आलो होतो. निरीक्षकाकडून अशी चूक होऊ नये.

“अगं, आम्ही अजून आलो नाही,” ओले फडके हातात धरून मी म्हणालो.

“दारातून दिसतं की सगळं,” ती म्हणाली.

दारातून, माझ्या मोजमापानुसार, पडद्याचा एक तृतीयांश भाग दिसतो. उरलेला फ्रिजमागे जातो. आम्ही बाहेर पोहोचलो तेव्हा नावांची यादी वर सरकत होती. पत्नी हात अंगालगत ठेवून ताठ बसली होती. डोळे ओले होते. तिची उजवी टाच फरशीवर हलकेच वाजत होती.

“शेवट कसा होता गं?” अप्पांनी विचारले.

“नाचच तर होता, अप्पा,” ती म्हणाली.

त्यानंतर विरामाच्या नियमांत दुरुस्ती करण्यात आली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कामासाठी कार्यक्रम थांबवावा, असा ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. पत्नीने मतदान केले नाही. रविवारी आता आम्ही तिघेच आत असतो, त्यामुळे तिचा त्यात संबंध येत नाही.

दुरुस्तीचा मसुदा अंतिम करण्यापूर्वी वाचकांच्या सूचना मागवत आहोत. सूचना पाठवताना, हे निवेदन वाचताना आपण किती वेळा उठलात, तो आकडा कळवावा. आकडा शून्य असल्यास, तेवढ्या वेळात घरात दुसरे कोण किती वेळा उठले, हेही लागेल. तो आकडा आपल्याला ठाऊक नसणार. आत जाऊन विचारावा. (बसल्या जागेवरून हाक मारू नये. हातातले काम टाकून कोणीतरी बाहेर येईल, आणि मोजणी एकाने चुकेल.)