सबनीसकाकांचं वेगळं मत

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जाते. केअरवोखं म्हणतात तिला. पाळी आली की बाकीचे लोक झाडू काढतात. चौथ्या मजल्यावरचे सबनीसकाका अमेरिकन कोर्टाचे निकाल काढतात.

एकदा तळमजल्यावरच्या फ्राऊ बाउअरनी त्यांना पायपुसण्याखालची धूळ दाखवली. काका कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, नियमात 'जिना स्वच्छ' एवढंच आहे. ज्यांनी नियम लिहिला, त्यांच्या मनात पायपुसण्याखालची धूळ होती का? अमेरिकेत न्यायाधीश आधी हेच बघतात."

"हेर सबनीस," बाई म्हणाल्या, "नियम मीच लिहिलाय. आणि होती."

काकांनी पायपुसणं उचललं. वर येऊन मला मात्र म्हणाले, "नीलिमा, कायदा लिहिणारा जिवंत असला की फार पंचाईत होते बघ."

काका गिअरबॉक्सचे इंजिनिअर, आता निवृत्त. रविवारी आमच्याकडे जेवतात. आमटीत मीठ जास्त पडलंय का, यावर मी आणि माझा नवरा 'नाही' म्हणालो, तर काका म्हणणार, "दोन विरुद्ध एक. बहुमत मान्य. पण माझं वेगळं मत नोंदवून ठेवा. पन्नास वर्षांनी तेच बरोबर ठरतं." आणि वाटी पुढे करणार. माझ्या लेकाने फुलदाणी फोडली तेव्हा मी ओरडायच्या आत काकांनी त्याला बजावलं, "गप्प राहा. तो तुझा हक्क आहे." लेक जर्मनमध्ये म्हणाला, बाबांनी फोडली. हक्क वाया गेला.

दुपारी चारला त्यांची बेल वाजवायची नाही. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दहा वाजतात, कोर्ट उघडतं. बंदुका असोत, मासेमारी असो, काका सगळं वाचतात. पण वाट बघतात ती एकाच निकालाची. त्यांची मुलगी मुग्धा ओहायोत नोकरीच्या व्हिसावर आहे. नवे नियम आलेत; ती देशाबाहेर पडली तर परत आत घेतील का, हा वाद कोर्टात आहे. काकांच्या हृदयाला लांबचं विमान झेपणार नाही. नात दोन वर्षांची झाली, काकांनी ती फक्त पडद्यावर पाहिलीय. काकू गेल्यावर काका या इमारतीत आले. हे घरही मुग्धाने पाहिलेलं नाही.

परवा निकाल लागला. मुग्धासारख्यांच्या बाजूने! मी अभिनंदन करायला वर गेले, तर काका पायमोज्यांच्या घड्या करत बसलेले.

"खालच्या कोर्टाचा आहे," ते म्हणाले. "वरचं कोर्ट उद्यासुद्धा स्थगिती देईल. ती इथे असताना दिली तर? नोकरी, घर, नवरा, सगळं तिकडे."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, वाचलंत ना? तिकीट काढू?"

काकांनी एक पायमोजा उलगडला, पुन्हा त्याची घडी केली.

"आत्ता नको गं. आमची लिफ्ट बंद आहे. पोरीला कडेवर घेऊन चार मजले कशी चढशील?"

"कधी दुरुस्त होईल?"

"जर्मनीत काय, सगळं सावकाश. पुढच्या उन्हाळ्यात बघू."

फोन ठेवला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. कधीच नव्हती.

मी चहा ठेवायला उठले. काका म्हणाले, "तिचा आवाज जरा बसलेला वाटला का गं तुला?"