अमुकाचा दरबारप्रवेश

श्रीगजानन प्रसन्न असो, आणि शहाण्यांच्या सभेत बसणे ज्याच्या कपाळी आले त्यास धीर देवो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित्‌नाम संवत्सरी, राजश्री सरकार गडावर राज्य करीत असता, मातुश्री आऊसाहेब गुडघ्यांनी अधू होऊन गडतळी डेऱ्यात राहिल्या होत्या, आणि वर नातू उपजला, त्याचे मुख पाहावे हा एकच ध्यास त्यांस लागला. पायऱ्या तो चढवत ना. मग सरकारांनी उभ्या तटास टेकून पालखीपुरती चढण बांधावयाची आज्ञा केली, आणि तटाच्या बुडाशी काटकोन, चढणीच्या पायथ्याशी एक कोन, माथ्याशी एक कोन, ऐसा त्रिकोण जाहला. अंश एकशे ऐंशी. नव्वद काटकोनाने घेतले, नव्वद उरले. दिवाण भिवजीपंत बोलिले, "भाऊवाटणी करा, कोणी रुसणार नाही." मग पंचेचाळीस-पंचेचाळीस करोन चढण बांधिली, आणि रिकामी पालखी भोयांसह घसरोन खाली आली.

मग आऊसाहेबांच्या डेऱ्यापुढेच सभा बैसली, आणि स्थपतींनी सांगितले की माथ्याचा कोन पायथ्याच्या तिपटीहून दहा अंश अधिक असेल तरच पालखी सुखरूप चढेल. गणक निळोपंत उभे राहोन बोलिले, "पायथ्याचा कोन ठाऊक नाही. त्यास अमुक म्हणू."

"अमुक कोण? कोठील? नाव, गाव, हुद्दा कळल्यावाचून या दरबारात कोणास प्रवेश नाही."

"दिवाणजी, कोण ते ठाऊक असते तर अमुक कशास म्हटले असते?"

"तर ठाऊक करोन आणा, मग आत घेऊ."

"आत घेतल्यावाचून ठाऊक होत नाही हो!"

"पंत, त्यापेक्षा काटकोनाकडून दहा अंश मागा. त्याजपाशी नव्वद आहेत."

"मग तट कलेल!" ऐसे म्हणोन निळोपंतांनी पगडी काढोन मांडीवर ठेविली, आणि सभा ऐसीच तीन प्रहर चालिली, आणि भोई बसल्या जागी पेंगो लागले.

तेव्हा कनातीआडून आऊसाहेब बोलिल्या, "भिवजी, मी या घरी आले तेव्हा माझे नाव काय होते?"

दिवाणजींस ठाऊक नव्हते.

"आधी उंबरठ्यावरचे माप लवंडले, आत आले, मग तांदळात नाव लिहिले. अमुकासही आत घ्या. नाव मागाहून निघेल."

मग अमुक आत आला. एक अमुक पायथ्याशी, तीन अमुक आणि दहा माथ्याशी, मिळोन नव्वद. दहा वजा केले, चार अमुक म्हणजे ऐंशी. एक अमुक वीस. पायथ्यास वीस, माथ्यास सत्तर. अर्ध्या घटकेत काम जाहले.

चढण नवी बांधिली आणि पालखी माथ्यास पोहोचली. दरवाजी चोपदाराने रिवाजाप्रमाणे पुकारिले, "कोण? नाव, गाव, हुद्दा?"

आऊसाहेब पडदा सारोन बोलिल्या, "अमुक म्हण रे बाबा, आणि दार उघड. आत बाळ रडते आहे."

एवंच, वीस आणि सत्तर मिळोन नव्वद होतात, हे त्या राज्यास कळले. रिवाज अद्याप चालू आहे.