रोध किती, ते सांग आधी

आमच्या घरच्या सत्यनारायणाला माझ्या बायकोचा मावसभाऊ आला होता. प्रसाद खाऊन तो गॅलरीत गेला आणि खिशातून ई-सिगरेट काढून त्याने ढगासारखा धूर सोडला. समोरच्या फ्लॅटमधल्या परुळेकर बाई शिऱ्याची वाटी घेऊन नेमक्या तिथेच उभ्या होत्या. त्यांनी नाक वर करून एकदाच हुंगलं, वाटी कठड्यावर ठेवली आणि त्याच्या तोंडातलं ते यंत्र हातात घेतलं.

"रोध किती?"

पोरगा गडबडला. "रोज? नाही हो, रोज दोन-तीनदाच."

"रोज नाही विचारलं, रोध विचारला. रेझिस्टन्स! कॉइल केवढ्या ओहमची आहे?"

त्याला ते माहीत नव्हतं. मग बाईंनी त्याला तिथेच, सत्यनारायणाच्या पाठीमागे, ओहमचा नियम तोंडपाठ म्हणायला लावला. तो चुकला. बाईंनी व्होल्टची चकती मागे फिरवून यंत्र परत दिलं आणि म्हणाल्या, "आता ओढ. कॉइलमधला कापूस जळायचा नाही. फुफ्फुसाचं तुझं तू बघ, तो माझा विषय नाही."

भांडुपच्या आमच्या सोसायटीत बाईंना न घाबरणारा माणूस मी पाहिलेला नाही. मराठी शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, वसंताला, त्यांनीच वाढवलं. वसंतकाका छापखान्यात होते, तेही आता घरीच असतात. त्यांनीही लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "एक बाई पुरे रे घरात."

आता, उदबत्तीच्या धुरानेही शिंकणाऱ्या या बाई ई-सिगरेटच्या फंदात पडल्या कशा? तर वसंतकाकांमुळे. काका मिसरूड फुटल्यापासून सिगरेट ओढायचे. एका थंडीत खोकला थांबेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून बाईंनाच बाहेर बोलावलं. छापखान्यातल्या कुणीतरी काकांना सल्ला दिला, सिगरेट सुटत नसेल तर हे यंत्र घे. काकांनी घेतलं, व्होल्टची चकती दिसली तशी शेवटपर्यंत पिळली, आणि पहिल्याच झुरक्यात जळक्या कापसाचा असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

"ह्येच्यापेक्षा सिगरेट बरी गो!" असं म्हणून ते चपला घालू लागले.

बाईंचा संताप इथे झाला. भाऊ सिगरेटने मरेल ही भीती होतीच. पण तो आठवीच्या गणितात चुकून मरेल, हे त्यांना अजिबात सहन होणार नव्हतं.

"वश्या, चपला काढ. बस इथे."

दुसऱ्या दिवशी त्या मुलुंडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मल्टीमीटर घेऊन आल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं जाई. वसंतकाका यंत्र आणून ठेवत. बाई चष्मा बदलत, कॉइल काढत, कापूस तपासत, रोध मोजत, "व्होल्टचा वर्ग भागिले रोध" असं पुटपुटत चकती लावून देत. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून तारांचा स्वतःचा रोध त्या आधी वजा करत. "माणसाला मोजतानाही असंच करावं," त्या मला एकदा म्हणाल्या. "आधी आपला वजा करावा. कुणी करत नाही."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बिल्डिंगमधली पोरं आपापली यंत्रं लपवत बाईंच्या दारात उभी राहू लागली. नवी कॉइल घातली की जळका वास येतो, धूरच येत नाही, यंत्रातलं पाणी तोंडात येतं, अशा तक्रारी. बाई प्रत्येकाला आधी झापत. "एवढ्याशा रोधाला एवढं विभवांतर? एवढे व्होल्ट? अरे, हे काय गिझर आहे?" एकदा एका पोराची आई तावातावाने आली. बाई, तुम्ही शिक्षिका असून मुलांना हे बंद करायला सांगत नाही? बाई शांतपणे म्हणाल्या, "मी रोज सांगते. पण मी सांगितलेलं ऐकत असती तर ही पोरं भौतिकशास्त्रात पास झाली नसती का?"

माझंही यंत्र होतं. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याचा पत्ता नव्हता. मी बाथरूममध्ये पंखा लावून ओढायचो. एका रविवारी बेल वाजली. सुजाताने दार उघडलं तर दारात बाई.

"याला म्हणावं व्होल्ट कमी कर. तुमच्या बाथरूमच्या खिडकीतून जळक्या कापसाचा वास येतोय."

वाट लागली! पुढचा आठवडा आमच्या घरात जे विभवांतर होतं, ते कुठल्याच मीटरवर मावलं नसतं.

आणि मग सरकारने ई-सिगरेटवर बंदी घातली.

बाईंनी सकाळी पेपर वाचला आणि दुपारच्या आत सगळ्यांना निरोप दिला. "कायदा तो कायदा. ओहमचा काय, सरकारचा काय. यापुढे माझ्याकडे कुणी यायचं नाही." वसंतकाकांच्या यंत्राची बॅटरी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. मल्टीमीटर कपाटात गेला. त्या संध्याकाळी त्यांच्या घरून आवाज आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मी एकदा साखर मागायला गेलो, तर बाई रिकाम्या टेबलाशी बसून होत्या आणि काका आतल्या खोलीत टीव्ही बघत होते.

मला एकच काळजी. आता काका परत सिगरेटवर जाणार. बाईंची सगळी मेहनत पाण्यात.

दोन दिवसांनी काका मला स्टेशनजवळच्या टपरीमागे दिसले. भिंतीकडे तोंड करून उभे. मी दबकत जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले आणि कटिंगचा अर्धा ग्लास शर्टावर सांडला. हातात सिगरेट नव्हती.

"काय रे, हार्ट अटॅक देतोस काय?"

"मला वाटलं, तुम्ही पुन्हा..."

"सिगरेट? छ्या! अरे, मी तर ते यंत्रसुद्धा पाडव्याला सोडलं."

मला कळेना. पाडव्यापासून बंदीपर्यंत रोज संध्याकाळी यंत्र टेबलावर येत होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"मग रोज काय दुरुस्त करून घेत होतात?"

काका शर्ट पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई रिटायर झाली ना, तेव्हापासून आमच्या घरात तीनच वाक्यं. जेवायला ये. गॅस बंद कर. दार लाव. बस. एवढी शाळा गाजवलेली बाई, घरात मुकी. आणि ह्या कॉइलपायी टेबलाशी बसायला लागली, तर बोलायला लागली रे. आईचं, गावच्या विहिरीचं, शाळेतल्या पोरांचं. एकदा तर तिला बघायला आलेल्या कुणा मास्तरांचं पण सांगितलं. जन्मात बोलली नव्हती. ती कॉइलकडे बघून बोलते. माझ्याकडे बघून तिला जमत नाही." त्यांनी ग्लास ठेवला. "आता काय घेऊन बसू तिच्यापुढे, सांग. तुझ्याकडे काय बिघडलेलं आहे काय?"

माझ्याकडे नव्हतं. पण त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी बाईंकडे जाऊन बसलो. टीव्हीचा आवाज येत नव्हता. काका बाहेर गेले होते. मी म्हटलं, "बाई, काळजी करू नका. काका सिगरेट ओढत नाहीत. मी बघितलंय."

"मला सांगतोस?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ओढलेल्या कॉइलचा कापूस तपकिरी पडतो. वश्याचा कापूस पाडव्यापासून कोरा पांढरा होता. अरे, आंधळी आहे का मी?"

"मग रोज मोजत का होतात?"

बाईंनी टेबलावरचा नसलेला कचरा हाताने झटकला. बराच वेळ. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो आणायचा ना."

एवढ्यात लॅच उघडून वसंतकाका आत आले. मला बघून थबकले, पण थांबले नाहीत. तडक आत गेले आणि घरातली इस्त्री घेऊन आले.

"ताई, ही चालत नाही बघ. वायर तुटली. उंदराने खाल्ली वाटतं."

बाईंनी वायर हातात घेतली. मलाही लांबून दिसत होतं. कात्रीने कापल्यासारखी वायर सरळ, स्वच्छ तुटली होती. बाईंनी तो तुकडा उजेडात धरला, या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. काका खिडकीबाहेर बघत उभे होते. कान लाल झाले होते.

"उंदीर टापटिपीचा दिसतो," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी कालचा पेपर ओढून टेबलावर पसरला आणि चष्मा बदलला.

"बस, वश्या. वेळ लागेल याला."

मी उठलो आणि बाहेर येऊन त्यांचं दार हळूच लोटून घेतलं.